मीटर एकाच्या नावावर, उधारी दुसऱ्याच्या

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे लाईटचं बिल दाराच्या मागे, कॅलेंडरच्याच खिळ्याला टोचलेलं असतं. रीडिंगवाल्यानं जागेवर काढून दिलेली पातळ कागदाची ती पट्टी ऊन लागलं की दोन-चार महिन्यांत पांढरी पडते. आकडे उडतात, उधारी तेवढी राहते. घरात बोलणं मराठीत, बाजारात निम्मं-निम्मं, आणि पट्टी पूर्ण हिंदीत. त्यावर ‘बकाया राशि’, ‘अधिभार’ आणि कधी कधी ‘आस्थगित राशि’. पहिला शब्द सगळ्यांना कळतो. दुसरा काहीतरी दंड आहे एवढं कळतं. तिसऱ्यापाशी गाडी अडते. आस्थगित म्हणजे वसुली पुढे ढकललेली रक्कम. ती माफ झालेली नसते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, स्थगित झालं म्हणजे मिटलं. दोन वर्षांनी तोच आकडा पट्टीवर परत येतो तेव्हा घरात पहिला संशय रीडिंगवाल्यावर घेतला जातो.

या पट्टीच्या शेजारी दुसरी एक उधारी असते, तिची पट्टीही नसते. ती घरमालकाच्या वहीत किंवा नुसती त्याच्या डोक्यात. नागपूरपासून इकडे सगळीकडे भाड्याला किराया म्हणतात आणि भाडेकरूला किरायदार. किराया थकला आणि लाईट थकली या दोन गोष्टी सरकारी कागदावर दोन वेगळ्या खात्यांत बसतात: एक महसूल-न्यायालयाच्या बाजूला, एक वीज कंपनीकडे. घरात त्या एकाच डब्यातून भागवायच्या असतात, आणि कुणाला आधी द्यायचं याचा क्रम ठरलेला असतो. गटाच्या लोनचा हप्ता पहिला, कारण तो चुकला तर बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. मग किराणा. मग किराया, कारण मालक रोज तोंडासमोर असतो. लाईट सगळ्यांत शेवटी. कंपनी लांब जबलपूरला आणि सरकार कधी ना कधी माफ करतं हा अनुभव. म्हणून विजेच्या थकबाकीचे आकडे वाचताना मला नेहमी वाटतं की त्यात किरायाचीही थकबाकी लपलेली आहे. मालकाला वेळेवर पोचलेला पैसा कंपनीच्या खात्यात थकलेला दिसतो. आपल्याकडे मदतीच्या योजना आखणाऱ्यांनी या दोन गोष्टी कधी एकत्र पाहिल्या नाहीत, आणि पुढच्या सगळ्या आढाव्याचं सार बहुतेक तेवढंच आहे.

आधी जागा पाहू. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्यांना पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, जाम नदीवरची गोटमार तेवढी ठाऊक. इथलं पोट मात्र संत्र्यावर, कपाशीवर आणि सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रावर चालतं. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. जिनिंगचं काम हिवाळ्यात. कारखान्यात ठेकेदारामार्फत जाणाऱ्याचे दिवस मोजून पैसे. म्हणजे मिळकत येते हंगामाला आणि किराया-लाईट येतात महिन्याला. मे-जूनमध्ये आणि ऐन पावसाळ्यात हात रिकामे राहतात, नेमके तेव्हाच शाळेचे, बियाण्याचे, सणांचे खर्च उभे असतात. थकबाकीचा बराचसा उगम या वेळापत्रकात आहे. त्याला आळस किंवा बुडवेपणा म्हणणं सोपं पडतं म्हणून म्हटलं जातं.

विजेच्या बाजूनं सरकारनं काहीच केलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट इतकं केलं की त्याचा एक वेगळाच धडा लोकांनी घेतला. १ जुलै २०१८ पासून ‘सरल बिजली बिल’ योजना आली. संबल योजनेत नोंदलेल्या मजुरांना, १,००० वॅटपर्यंतच्या जोडणीला, महिन्याला २०० रुपये ठोक. तिच्याच जोडीला ‘बकाया बिजली बिल माफी’: नोंदणीकृत मजूर आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची जून २०१८ पर्यंतची थकबाकी साफ. त्या वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. सरकार बदललं, आणि २०१९ मध्ये याच छिंदवाड्याच्या कमलनाथांनी ‘इंदिरा गृह ज्योती’ आणली: १०० रुपयांत १०० युनिट. सरकार पुन्हा बदललं, योजनेच्या नावातल्या इंदिरांच्या जागी अटल आले, हिशेब तोच राहिला. कोरोनात १ किलोवॅटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांची ३१ ऑगस्ट २०२० पर्यंतची बाकी आस्थगित झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या बाकीसाठी ‘समाधान योजना’ निघाली: एकरकमी भरलं तर मूळ रकमेत ४० टक्के सूट, सहा हप्त्यांत भरलं तर २५ टक्के, अधिभार दोन्हीकडे पूर्ण माफ. ज्यांनी इमानानं कुठून तरी आणून भरलं त्यांनी भरलं. काही महिन्यांत, २०२२ मध्ये, सरकारनं उरलेली सगळी बाकीच माफ केली, आणि भरलेल्यांचे पैसे पुढच्या बिलांत वळते करण्याचं ठरलं. २०२३ च्या निवडणुकीआधी पुन्हा तेच: ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंतची बाकी आस्थगित. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा ‘समाधान’, या वेळी जरा कडक. तीन महिन्यांहून जास्त थकलेल्यांना अधिभारातच सूट, तेव्हा जाहीर झाल्याप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत ६० ते १०० टक्के, नंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत ५० ते ९०. मूळ रक्कम भरायचीच, आणि नोंदणी करताना घरगुती ग्राहकानं बाकीच्या १० टक्के आधी ठेवायचे.

हा सगळा इतिहास पांढुर्ण्याच्या पानटपरीवर बसलेला माणूस तारखांशिवाय पण अचूक सांगतो, आणि त्यातून त्यानं काढलेलं गणितही चुकीचं नाही: २०२१ ला भरणारा शहाणा ठरला नाही, थांबणारा ठरला. माफी वाईट असं मी म्हणत नाही. दोन वर्षांची बाकी डोक्यावर घेऊन कोणतंही मजुराचं घर पुन्हा सरळ होत नाही. तो आकडा कधीतरी पुसावाच लागतो. पण माफी साचलेल्या कर्जावर येते आणि कर्ज साचतं दर महिन्याच्या छोट्या तुटीतून. तूट तशीच ठेवून दर दोन-तीन वर्षांनी डबकं उपसायचं, असा हा कारभार आहे.

ती तूट कशी पडते ते पाहायला अटल गृह ज्योतीच्याच अटीत शिरावं लागेल. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये, वरच्या ५० चे नेहमीच्या दरानं. १५१ वं युनिट पडलं की सगळी सवलत गेली, पहिल्या १०० युनिटांचीसुद्धा. रीडिंग किती दिवसांनी घेतलं त्याप्रमाणे ही मर्यादा मोजतात, पण पायरी तीच. आता मे महिना घ्या. एक पंखा, दोन दिवे, टीव्ही, मोबाईल, एक जुना फ्रिज असं घर ९५ युनिटांत भागतं. बिल शंभराच्या आत. पारा ४४ च्या पुढे गेला की माळ्यावरचा कूलर खाली येतो. २०० वॅटचा कूलर रात्रीचे दहा तास चालला तर रोजचे २ युनिट, महिन्याचे ६०. ९५ चे १५५ झाले. साधारण २०२४-२५ च्या दरानं, म्हणजे पहिल्या ५० ला सव्वाचार, पुढच्या १०० ला सव्वापाच आणि त्यावर साडेसहाच्या वर, नुसता वीज आकारच पावणेआठशेच्या घरात जातो. स्थिर आकार आणि शुल्क वेगळं. शंभरावरून एकदम इथे. आणि मे म्हणजे संत्र्याचं काम संपलेलं, जिनिंग बंद. ज्यानं ही पायरी काढली त्याच्या घरात कूलर नसावा किंवा एसी असावा.

यापेक्षा मोठी खोट मात्र दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं. सवलत मीटरला मिळते. किरायदाराच्या नावावर बहुतेक वेळा मीटर नसतं.

कारखान्याच्या वाटेवर किंवा स्टेशनच्या बाजूला मालकाच्या घरामागे ओळीनं चार खोल्या काढलेल्या असतात. मीटर एक, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीच्या दारावर बाजारातून आणलेलं सब-मीटर. समजा प्रत्येक खोली महिन्याला ८० युनिट जाळते. चौघांची स्वतंत्र मीटरं असती तर चारही बिलं शंभराच्या आत बसली असती. एकाच मीटरवर ती ३२० युनिटं होतात. सवलतीची पायरी केव्हाच ओलांडली, वरचे सगळे टप्पे लागले, आणि वीज आकार साडेअठराशेच्या आसपास गेला. खोलीमागे साडेचारशेच्या वर, तेही मालकानं एक पैसा न खाता. त्यात तो स्थिर आकार, शुल्क, आणि ‘वायर खराब होते’ म्हणून थोडं वरचं धरतो आणि युनिटला नऊ-दहा रुपये सांगतो. ८० युनिटांचे सातशे-आठशे. शेजारच्या पक्क्या घरातला नोकरदार, ज्याला दोनच दिवे आणि मुलं पुण्याला, तो १०० रुपये भरतो. मागच्या खोलीतला ठेक्यावरचा मजूर सातपट भरतो. दोघांनाही सरकारनं गरिबांसाठी वीज स्वस्त केल्याचं टीव्हीवर दिसतं.

आणि ही रक्कम थकली की ती विजेची थकबाकी म्हणून कुठे नोंदलीच जात नाही. कंपनीच्या लेखी मालकाचं बिल भरलेलं आहे. समाधान योजना, माफी, आस्थगन यातलं काहीच मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. उलट असंही होतं की २०२२ सारखी माफी मालकाच्या खात्यावर येते आणि किरायदारानं त्या महिन्यांचे पैसे त्याला रोख देऊन झालेले असतात.

कायद्यात वाट नाही असं नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ सांगतं की जागेचा मालक किंवा जागा वापरणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर कंपनीनं जोडणी द्यायची. ग्राहक हक्कांच्या २०२० च्या नियमांत २०२४ साली दुरुस्ती होऊन नगरपालिका हद्दीत त्याला ७ दिवसांची मुदत आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की केवळ मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. पण वितरण केंद्रावर अर्ज घेऊन गेलेल्याला आधी मालकीचा कागद मागतात, मग किरायानामा, आणि किरायानामा तर कुणी केलेलाच नसतो. मालकालाही धास्ती असते: किरायदाराच्या नावावर मीटर चढलं की उद्या तो खोली माझीच म्हणेल. दुसरी धास्ती जास्त खरी आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नियमांत तरतूद असेल तर जागेवरची जुनी वीज-बाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते. बाकी जागेला चिकटते म्हटल्यावर मालक सावध होणारच. यावर दिल्लीनं आधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, एक साधा तोडगा काढला: किरायदारांसाठी वेगळं प्रीपेड मीटर, कागद म्हणून किरायानामा किंवा पावती पुरे, आणि २०० युनिटांची मोफत वीज त्या मीटरलाही. कर्नाटकच्या २०२३ च्या गृहज्योतीतही भाडेकरू धरलेले आहेत. सौंसरच्या मागच्या खोल्यांना माफीच्या दहा घोषणांपेक्षा असं एक मीटर जास्त उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रीपेडबद्दल मात्र सबूर. जुलै २०२१ पासून केंद्राच्या वितरण-सुधारणा योजनेत देशभर स्मार्ट मीटर बसतायत आणि त्यांचा रोख प्रीपेडकडे आहे. प्रीपेडमध्ये थकबाकी उरत नाही हे खरं, पण रिचार्ज संपला की अंधार. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे लाईट कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेडच्या अंधाराला तशी नोटीस कोण देणार? इंग्लंडमध्ये थकबाकीदारांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन जबरदस्तीनं प्रीपेड मीटर बसवण्याचा प्रकार इतका वाढला की फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी वॉरंटं थांबवावी लागली. उधारी दिसेनाशी झाली म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. तो अंधारात बसलेला असतो आणि कुठल्याच तक्त्यात नसतो.

कलम ५६ मध्येच आणखी दोन गोष्टी आहेत, त्या वितरण केंद्राच्या भिंतीवर लावायला हव्यात. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांची सरासरी, यात जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत लाईट कापता येत नाही. आणि पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटून गेलेली रक्कम, ती मधल्या काळात बिलात सतत बाकी म्हणून दाखवलेली नसेल तर, अशी अचानक उकरून मागता येत नाही. म्हणूनच खिळ्याच्या त्या पांढऱ्या पडणाऱ्या पट्ट्या जपायच्या. निदान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा.

लाईट कापल्यावर पुढचं पाऊल बहुतेक वेळा आकड्याचं असतं. रात्री तारेवर आकडा टाकला की थकबाकीदाराचा चोर होतो. वीजचोरीचं कलम १३५ लागतं, दंडाची आकारणी मूळ बाकीच्या कितीतरी पट. मग लोकअदालत. मध्य प्रदेशात अलीकडच्या लोकअदालतींत कमी भाराच्या ग्राहकांना अशा आकारणीत खटल्याआधी ३० टक्के आणि खटला दाखल झाल्यावर २० टक्के सूट मिळत आली आहे. हजार-दीड हजाराची बाकी वेळेवर हप्त्यांत घेतली असती तर हे सगळं टळलं असतं, पण हप्ता पाडून देणं हे कागदावर नियमात आणि प्रत्यक्षात त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या साहेबाच्या मनावर.

आता किराया. इथं योजना शून्य, त्यामुळे आढावा कायद्याचाच. मजा अशी की या भागाला पूर्वी एक बरा कायदा होता. १९४९ च्या मध्य प्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशात मालकाला किरायदाराला नोटीस देण्याआधीच रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे, आणि ती मिळायची तर एकूण तीन महिन्यांचा किराया थकलेला असावा किंवा माणूस सवयीनंच थकवणारा असावा. सवयीनं थकवणारा आणि अडचणीनं थकवणारा यात कायद्यानं फरक केला होता. विदर्भात हा आदेश ३१ मार्च २००० ला महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत चालला. सीमेच्या या बाजूला त्याआधीच मध्य प्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आला होता. त्यात मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत थकलेला किराया दिला नाही तर बेदखलीचा दावा. पण दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात बाकी कोर्टात जमा केली आणि पुढचा किराया दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहिला तर घर वाचतं. ही सूट एकदा घेतल्यावर पुन्हा लागोपाठ तीन महिने चुकलं तर मात्र नाही. महाराष्ट्रात ९० दिवसांची नोटीस, आणि समन्सनंतर ९० दिवसांत १५ टक्के साध्या व्याजासह बाकी भरली तर संरक्षण. दोन्हीकडे मालकानं पाणी-वीज तोडून किरायदाराला हुसकावणं मना आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यानं राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या किरायापुरती ठेवायला सांगितलं. लागोपाठ दोन महिने थकलं की मात्र बाहेर, आणि मुदत संपूनही जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट, नंतर चौपट.

वाचायला हे सगळं ठीक. पण कोर्टात बाकी ‘जमा’ करायला ती रक्कम हातात हवी, आणि ती असती तर थकलीच कशाला असती? शिवाय बाकी किती हेच सिद्ध होत नाही. किराया रोख, पावती नाही, करार तोंडी. मालक म्हणतो आठ महिन्यांचा, किरायदार म्हणतो पाचचा. मालकाच्या वहीला वजन आहे, किरायदाराच्या आठवणीला नाही. म्हणून वाद कोर्टात जातच नाही. एका सकाळी खोलीला मालकाचं कुलूप असतं, भांडी बाहेर, टीव्ही ‘हिशेबात’ आत.

इथं मालकाचीही बाजू सांगायला हवी, कारण या दोन गावांतले मालक म्हणजे मुंबईचे बिल्डर नव्हेत. नवरा गेल्यावर मागे दोन खोल्या काढून त्यावर घर चालवणारी बाई हीसुद्धा मालकीणच. तिच्यासाठी किराया म्हणजेच पेन्शन. मध्य प्रदेशच्या कायद्यात १९८३ मध्ये विधवा आणि निवृत्त नोकरांसाठी वेगळा, लवकर निकाल देणारा भाग घातला तो याच कारणानं. तिचे सहा महिने थकले तर तिच्याकडे कुठलं समाधान? किरायदाराला मदत म्हणताना पैसा शेवटी मालकाच्या हातात पडणारी मदत हवी, हे बाहेरच्या देशांनी ओळखलं आहे.

आपल्याकडे ते ओळखण्याची वेळ एकदाच आली होती, कोरोनात. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला की मजुरांकडून महिनाभर किराया मागू नये. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागानं १७ एप्रिलला मालकांना किमान तीन महिने वसुली पुढे ढकलायला सांगितलं. दोन्हीत पैसा कुणाचाच नव्हता. ओझं फक्त मालकाच्या डोक्यावर सरकवलं होतं आणि महिने संपले की ते परत किरायदारावर. दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं होतं की गरिबाला जमलं नाही तर त्याचा किराया सरकार भरेल. लोक त्यावरून उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये एका न्यायमूर्तींनी असं वचन पाळावं लागतं असा निकाल दिला. सप्टेंबरात खंडपीठानं त्याला स्थगिती दिली. भारतात किरायाच्या थकबाकीसाठी सरकारी पैसा इतका जवळ याआधी कधी आला नव्हता.

अमेरिकेनं त्याच सुमारास दोन टप्प्यांत साडेशेहेचाळीस अब्ज डॉलर थकलेल्या भाड्यासाठी ठेवले. त्यातून वीज-पाण्याची बाकीही भरता येत होती आणि पैसा थेट मालकाला किंवा कंपनीला जात होता. पहिले काही महिने तो फार हळू सुटला, कारण कागदं: करार आणा, मिळकतीचा दाखला आणा. करार नसलेला किरायदार तिथेही शेवटी. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च कुणाला घराबाहेर काढत नाहीत. १९५४ च्या कडक थंडीनंतर १९५६ मध्ये आलेला हा कायदा, आणि २०१३ पासून त्या काळात राहत्या घराची वीज-गॅसही कापत नाहीत. आपल्या बाजूला असा हंगाम नेमायचा तर तो एप्रिल-मे ते ऑगस्ट धरावा लागेल; इथली थंडी तितकी जीवघेणी नाही, पण ४५ अंशांत पत्र्याच्या खोलीत पंखा बंद पडलेलं तान्हं मूल मरू शकतं.

मला सगळ्यांत विचार करायला लावतो तो नेदरलँड्सचा प्रकार. जानेवारी २०२१ पासून तिथं भाडं, वीज, पाणी किंवा विमा थकला की ज्याचं येणं आहे त्यानं तसं नगरपालिकेला कळवायचं, आणि नगरपालिकेनं त्या घराशी संपर्क करून विचारायचं, काय अडलं? बाकी लहान असतानाच. पांढुर्ण्यात घर बुडायला लागल्याची ही बातमी पहिल्यांदा कुणाला लागते? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. महिन्याचा तेलाचा डबा बंद होऊन पाव-पाव किलोची पुडी सुरू झाली की त्याला कळतं. त्यानंतर गटातल्या बायकांना, मग मालकाला. कंपनीला आणि सरकारला सगळ्यात शेवटी, तोवर अधिभारावर अधिभार चढलेला असतो.

मधली जागा भरतात ती गटाची लोनं, भिशी आणि मुकादमाची उचल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्जाचे सगळे हप्ते मिळून घराच्या मिळकतीच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत. पण उरलेल्या निम्म्यात किराया किती, हे फॉर्मवर मनापासून कुणी भरत नाही. म्हशीसाठी काढलेलं लोन चार महिन्यांच्या किरायात जातं, म्हैस कागदावर दूध देत राहते. बायकांच्या खात्यात येणारा लाडली बहना योजनेचा पैसा, २०२३ च्या जूनमध्ये १,००० पासून सुरू होऊन २०२५ च्या नोव्हेंबरात १,५०० झालेला, या घरांतला एकमेव तारखेचा पैसा आहे. तो साधारण १० तारखेच्या आसपास येतो आणि किराया असतो पाचाचा. किराया दहाच्या पुढे घेतला तर दर महिन्याची निम्मी कटकट मिटेल. यासाठी ना कायदा लागतो ना बजेट. आणि जो नागपूरला, हिंगण्याला किंवा बुटीबोरीला कामाला जाऊन खोली करतो त्याला तिथल्या घरासाठी मध्य प्रदेशची १०० रुपयांची सवलत नाही. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरानं तेच ८० युनिट त्याला सहाशेच्या पुढे पडतात. महाराष्ट्राच्या अभय योजना आल्या त्या, २०२४ चीसुद्धा, कायमची तुटलेली जोडणी असलेल्यांसाठी. म्हणजे आधी पूर्ण बुडा, मग हात देतो.

छतावरच्या सौर पॅनेलला २०२४ पासून केंद्र ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देतं. मागच्या खोलीतल्याला छतच नाही.

पांढुर्णा नवा जिल्हा झाला त्याचा एक फायदा असा की तक्रार घेऊन आता छिंदवाड्याला जावं लागत नाही. मंगळवारी जनसुनवाई असते. बाहेर टायपिंगवाला अर्ज लिहून देतो, हिंदीत: नाव, वडिलांचं नाव, वार्ड, मोबाईल, विषय. विजेची तक्रार म्हटली की तो न विचारता पुढची ओळ टाकतो, ‘आयव्हीआरएस क्रमांक’, म्हणजे बिलावरचा ग्राहक क्रमांक, आणि बिलासाठी हात पुढे करतो. मागच्या खोलीतून आलेली बाई त्याच्या हातात सब-मीटरचा मोबाईलवर काढलेला फोटो देते. तो फोटो मोठा करून पाहतो, लहान करतो, आणि ती ओळ कोरी ठेवून पुढे टाईप करायला लागतो.